घरी गेली की तेल पिणारी गाडी

जव्हारला एसटी डेपोच्या मागे वामनदादाचं गॅरेज आहे. त्याच्या आणि माझ्या शिलाईच्या दुकानाच्या मध्ये फक्त एक पत्रा, त्यामुळे त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीचं दुखणं मला ऐकावंच लागतं. माणूस कामाला चांगला, पण एक खोड आहे. एखादी गोष्ट का झाली ते कळल्याशिवाय तो दुसऱ्या कामाला हात लावत नाही. गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि हा बोटाला लागलेलं तेल हुंगत बसलेला. याने पोलिसात जायला हवं होतं, असं मी त्याला तोंडावर सांगितलं आहे.

मला या खोडीचा राग येतो. पण गेल्या दिवाळीनंतर तीच माझ्या मावसबहिणीच्या कामी आली.

चैती सूर्यमाळला दिलेली. तिचा नवरा मंगेश ठाण्यात एका शौकीन मालकाचा ड्रायव्हर होता. मालकाने नवी गाडी घेतली आणि जुनी, लहानशी लाल टर्बो गाडी मंगेशला दिली. दिसायला डबी, पण घाटात भल्याभल्यांना मागे टाकणारी. हिच्यावर मोखाड्याची भाडी मारायची आणि आता घरीच राहायचं, असं ठरवून मंगेश परत आला. चैती तेव्हा किती खूश होती! पण थोड्याच दिवसांत गाडी मागून निळा धूर सोडायला लागली.

"वामनदादा, रोज सकाळी इंजिनात तेल टाकतो, तरी रोज कमीच," मंगेश गॅरेजमध्ये येऊन म्हणाला. "टर्बो गेला असंल. मालक सांगतात, गाडी ठाण्याला आण, इंजिन उघडू. तू पण ये परत कामावर."

"उघडायचं मग बघू," वामनदादा म्हणाला. "तेल जातंय कुठं ते तर कळू दे."

त्याने काळं पडलेलं तेल सगळं काढून टाकलं, नवं मापात भरलं, इंजिन डिझेलने धुऊन कोरडं केलं. मग माझ्याकडून मलमलीचा तुकडा नेला आणि त्यातून तांदळाचं पीठ इंजिनभर चाळलं. गळती जिथे असेल तिथे पीठ ओलं होणार. मला वाटलं, आता हा गाडीला हळदही लावणार. दोघे घाट उतरून, चढून परत आले. पीठ कोरडं आणि धूरही नाही. मंगेश हसत घरी गेला.

आठवडा व्हायच्या आत त्याचा फोन आला. पुन्हा धूर, पुन्हा रोज तेल कमी, आणि इंजिनच्या सांध्यांवर पिठाचा चिखल. उद्या टेम्पोत घालून गाडी ठाण्याला नेतो म्हणाला, आणि स्वतःही तिकडेच राहणार.

"जव्हारला पीत नाही, घरी गेली की पिते," मी म्हणाले. "गाडीला घर मानवत नाही."

वामनदादा हसला नाही. "घरी वेगळं काय आहे?" एवढंच पुटपुटला आणि त्याने गॅरेजचं शटर ओढलं. चैतीच्या काळजीने मीही त्याच्या मोटारसायकलवर मागे बसले.

सूर्यमाळला मंगेशची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. चैती कुणाशी बोलत नव्हती. मला तिची फार दया आली, आणि मंगेशचा रागही.

सकाळी उठल्याबरोबर मंगेशने बॉनेट उघडलं. तेल मोजायची काडी पुसली, आत घातली, बाहेर काढली. टोकाला जेमतेम तेल. "बघा," म्हणत त्याने कॅन उचलला. वामनदादाने त्याचा हात धरला.

"रोज इथंच उभी करतोस? अशीच, घराकडं तोंड करून?"

"दुसरीकडं कुठं करणार?"

वामनदादाने चैतीकडे परात मागितली, पाणी घालून ती गाडीशेजारी ठेवली. सगळं पाणी उताराच्या बाजूला जमलं. वरची कड कोरडीच राहिली.

"काडी पुढं आहे अन् गाडीचं तोंड वर. तेल मागं पळतंय," तो म्हणाला. "सपाट जागा दाखव मला."

सूर्यमाळच्या पाड्यावर सपाट जागा! मंगेशने आजूबाजूला बघितलं आणि त्याची नजर खळ्यावर थांबली. नाचणी झोडपायला चैतीने ते नुकतंच चोपून शेणाने सारवलं होतं. खळ्यावर कुणी चपला घालूनसुद्धा जात नाही. तिथे गाडी न्यायची म्हणजे काय?

"तिथं नेली तर कळंल?" चैतीने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"कळंल, बाय. काय कळंल ते मला ठाऊक नाय."

चैतीने हंडा आणला आणि गाडीची चारही चाकं स्वतः धुतली. आम्ही अनवाणी पायांनी गाडी ढकलत खळ्यावर आणली. तेल खाली बसेपर्यंत थांबलो. मग मंगेशने काडी काढली. ती वरच्या खुणेच्याही कितीतरी वर ओली होती.

वामनदादा स्वतःवरच हसत सुटला. "जातंय कुठं हेच बघत बसलो. आहे किती ते बघितलंच नाय. अरे, ती पीत नव्हती, तू पाजत होतास. जास्तीच्या तेलाचा आत फेस होतो. मग ते हवेच्या पायपातून जळायला जातं, सांध्यांतनं बाहेर येतं."

"मालकानं शिकवलेलं, रोज सकाळी काडी बघायची," मंगेश म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

"बरोबरच शिकवलं. त्यांच्या बिल्डिंगखाली जमीन सपाट."

जास्तीचं तेल काढून दोघे गाडी फिरवायला निघाले. पायपात उरलेलं जळेपर्यंत, म्हणजे खोडाळ्यापर्यंत, थोडा धूर आला, मग थांबला. परत येऊन मंगेशने टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवलं.

चैती तोवर खळ्यावरचे चाकांचे माग पुन्हा सारवत होती. हात धुऊन ती उठली, दाराशी भरून ठेवलेली बॅग आत नेली आणि बाहेर आली ती कुदळ घेऊन. ती तिने मंगेशच्या हातात दिली.

"गाडीपुरतं अंगण सपाट कर," ती म्हणाली. "खळं रोज मिळायचं नाय."