आक्काने कापलेली पाती

"मामा, आई गेली..." भाचीचा, सुरेखाचा, फोन आला तेव्हा मी पुण्यात होतो. सोलापूरला पोचेपर्यंत सगळं उरकत आलं होतं. त्याला आता दीड महिना झाला. आक्काबद्दल लिहायला बसलो की तिचं सगळं आयुष्य बाजूला राहतं आणि सत्तरच्या दशकातली एकच संध्याकाळ समोर येते.

मी तेव्हा महापालिकेच्या शाळेत चौथीत होतो. आबा गिरणीत होते. आई आणि आक्का घरी विड्या वळायच्या. माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या आक्काची शाळा चौथीनंतर सुटली होती. "पुढच्या वर्षी घालू की," असं आबा दर जूनला म्हणायचे, म्हणून तिने दप्तर खुंटीवरून काढलं नव्हतं. त्या वर्षी गुरुजींनी आम्हाला पवनचक्की करायला सांगितली. चक्कीच्या कण्याला दोरा, दोऱ्याला काडेपेटी, तिच्यात खडे. ज्याची चक्की जास्त खडे उचलेल, त्याची चांगली. मी वह्यांच्या पुठ्ठ्याची चार पाती केली, पण चक्की थडथडायची आणि अडायची. मांडीवर सूप घेऊन बसलेली आक्का हसली. "आरं येड्या, एक पातं हत्ती, एक उंदीर! फिरंल कसं?" विडीचं पान पत्र्याचा फर्मा ठेवून कापतात, तसा तिने पुठ्ठ्याचा फर्मा केला आणि चारही पाती त्यावरून कापली. मग आम्ही धाब्यावर, घराच्या मातीच्या गच्चीवर, गेलो. ती पाती थोडी तिरकी करायची, वाऱ्यात धरायची, पुन्हा थोडी तिरकी... चौथ्या खेपेला चक्की अशी भिरभिरली, की आक्का लहान पोरीसारखी टाळ्या पिटू लागली.

शाळेत माझ्या चक्कीने अकरा खडे उचलले. दुसरी कुणाचीच सहाच्या पुढे गेली नाही. संध्याकाळी गुरुजी चक्की घेऊन घरी आले. म्हणाले, "दत्ता, पोराच्या हाताला इतकं सारखं कापणं येत नाही. पाती कुणी कापली? मी रागावणार नाही. ज्यानं कापली, त्याच्या शाळेबद्दल आबांशी बोलायला आलोय." आक्का चहाचा कप घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"मीच," मी म्हणालो.

"गुरुजी, च्या घ्या," आक्का म्हणाली.

गुरुजी तासभर बोलले. पोराला पुढे शिकवीन, असा आबांनी शब्द दिला आणि पाळला. घरातला पहिला पदवीधर मी झालो, त्याचं ऋण मी गुरुजींचं मानत आलो. ते खरंही आहे... पण अर्धंच. पुढच्या जूनमध्ये खुंटीवरचं दप्तर मला मिळालं. त्यावर आक्का एवढंच म्हणाली, "पट्टा शिवून दिलाय, तोडू नगंस." मला नोकरी लागली तेव्हा तिने गल्लीभर पेढे वाटले. दर दिवाळीला ओवाळून घेताना वाटायचं, आज बोलावं. पण घरात माणसं असायची, आणि मीही कारण शोधतच असायचो.

तेराव्याला आक्काच्या खिडकीजवळ बसलो होतो. ती तिथेच बसून विड्या वळायची. भिंतीला अजून तंबाखूचा वास आहे. सुरेखाला मी सगळं सांगितलं.

"आई तर सांगायची, मामानं चक्की एकट्यानं केली म्हणून," ती म्हणाली. मग पदराने डोळे पुसत, जरा रागानेच, "मामा, हे आई होती तवा बोलायचं की."