बिळाबद्दल मी लिहिलेलं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, आणि मार्गदर्शकांना तर नाहीच — त्यांनी माझा प्रबंध विभागात सर्वोत्तम ठरवला होता.

एम.एस्सी.ला माझा विषय होता माळरानं आणि लांडगे. जैवविविधतेच्या ऱ्हासावर आमच्याकडे परिसंवाद होत. फलकावर वाघ, वक्त्यांना शाल. लांडग्याला कोण विचारतो? मला तोच हवा होता, आणि तो मला आप्पांनी दाखवला.

आप्पा कवठे येमाईकडचे मेंढपाळ. लांडग्यानं कोकरू नेलं तर ‘त्याचा वाटा’ म्हणून सोडून देत. पिल्लांचं बीळ मात्र ते कुणालाही दाखवत नसत. मला दाखवलं.

“लांबनं बघ पोरी. आन् दुसरं कुणी आणू नगं. ती लगीच पिल्लं हलवती.”

मी हो म्हटलं. आणि आठवड्याच्या आत तिघा वर्गमित्रांना गाडीतून घेऊन गेले. प्रबंधाच्या मुखपृष्ठासाठी फोटो हवा होता — एवढंच. गाडी बिळापासून वीस पावलांवर लावली. मादी समोरच्या उतारावर येरझारा घालत राहिली. शेवटी भर उन्हात पुढं आली, एक पिल्लू तोंडात धरून गेली. ती परतण्याआधी उरलेल्या दोघांना वस्तीवरच्या कुत्र्यांनी — आम्ही काचा वर करून बसलो होतो. हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

पण मी सांगायला बसले ते हे नाही.

प्रबंधात पिल्लांच्या मृत्यूचं कारण द्यायचं होतं. ‘मेंढपाळांचा उपद्रव’ असं मी लिहिलं. खाली संदर्भांची लांब यादी असली की खोटंसुद्धा किती भारदस्त दिसतं! प्रबंध वनखात्याकडं गेला. त्या माळावर चराई बंद झाली.

वर्षभरानं आप्पा शिरूरच्या एसटी स्टँडवर भेटले. मेंढरं गेली होती. ते एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते.

“फारेस्टचा सायेब म्हनला, कागदात लिवलंय, मेंढक्यांनीच पिल्लं मारली. तू तर तितंच असायचीस. कुनी लिवलं असंल गं?”

“माहीत नाही, आप्पा.”

“व्हय, तुला तरी काय ठावं,” म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्यायले.

आता मी हाच विषय शिकवते. दरवर्षी कुणी ना कुणी विद्यार्थी ते वाक्य संदर्भ म्हणून उतरवतो. मी त्याला गुण देते.