चुकलो तर कळवा

आमचे मोजेवाले डॉक्टर पेशंटच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघत. मूल आत आलं की आधी त्याचे मोजे उतरवायचे आणि घोट्यावर अंगठा दाबून धरायचा. खळगा राहिला की सूज आहे. यवतमाळच्या त्यांच्या छोट्या दवाखान्यात किडनीच्या दुखण्याची पोरं लांबलांबून येत. कळंबहून मी माझ्या लेकीला, श्रुतीला नेलं तेव्हा ती चार वर्षांची होती आणि डोळे सुजून पार मिटले होते.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तिची सूज आठवड्यात उतरली. दुखणं पुन्हा उलटेल का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. डॉक्टर पाऊस, निवडणूक, कुणाचं लग्न टिकेल, सगळ्यावर बेधडक भाकीत करत. या प्रश्नाला मात्र म्हणायचे, "सांगतो म्हणणारा भेटला, तर मलेबी घेऊन चला त्याच्याकडे." मला रागच यायचा.

तेव्हाच वणीचा एक मुलगा दाखल होता. त्याची सूज उतरता उतरेना. लवकर उतरली तर बहुधा कमी वेळा उलटते, असं डॉक्टरांनीच सांगितलेलं, म्हणून मी मनात त्याची कीव करत होते. त्याचं दुखणं परत आलंच नाही. श्रुतीचं आलं, साध्या सर्दीमागून, आणि मग दर हिवाळ्यात येत राहिलं. सकाळी नळीत तापवलेली लघवी पांढरी झाली, म्हणजे प्रथिनं जायला लागली, की मी तिला घेऊन यवतमाळची गाडी पकडायचे. डॉक्टर स्टूल ओढून खोदून खोदून विचारायचे: आधी शिंका आल्या की आधी डोळे सुजले, घरात कोण खोकत होतं, गोळी चुकली का. एकदा मी वैतागलेच, एवढं कायले पाहिजे म्हटलं.

"काहून इचं आलं अन् त्याचं नाही, हे मले समजून नाही राह्यलं, ताई," ते म्हणाले. नंतर मीही तसंच बारीक बघायला लागले.

श्रुतीच्या गोळ्या बंद होऊन दोन हिवाळे नीट गेले, त्या सुमारास डॉक्टर दवाखाना आवरून नागपूरला निघाले. शेवटच्या दिवशी त्यांनी तिच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि बराच वेळ बघत राहिले. "आता येणार नाही, असं वाटते," पहिल्यांदाच म्हणाले. "चुकलो तर कळवा."

श्रुती आता कॉलेजात आहे. सर्दी झाली की माझी नजर अजून तिच्या पायांकडे जाते. फोन मात्र कधी करावा लागला नाही. गेल्या महिन्यात डॉक्टर वारल्याचं कळलं, म्हणून आम्ही दोघी नागपूरला जाऊन आलो. त्यांच्या पत्नींनी गावाचं नाव ऐकताच ओळखलं.

"थंडी पडली की विचारायचे, कळंबवाल्यांचा फोन आला का," त्या म्हणाल्या. "नाही म्हटलं की त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचे."