चिनीची सुपारी

आमची केसर गेली. करंजात कुनाला इचारलंत तर केसर कोन ते सांगता येनार न्हाय. चिनी म्हना, मग समदे वलखतील.

तिचा बाप भागोजी लढाईच्या आदी पलटनीचं जेवान रांदनारा भटारी म्हनून सिंगापूरला गेलेला. तिथं एका चिनी बाईशी लगीन केलंन. मग जपान्यांनी त्याला लढाई सरंपर्यंत कोंडून ठेवला. सुटून बगतो तं बायको मेलेली, पोर शेजाऱ्यांकडं. सत्तेचालीसला पोरीला कडंवर घेऊन तो बंदरात उतरला. त्याची बहीन आवडाबाई, ना नवरा ना मूलबाल, ती वाकून पोरीकडं बगत ऱ्हायली.

"दादा, हिचे डोले कवा उघडतील रे?"

"उघडेच हायेत गो," भागोजी बोलला.

बाया हसल्या. त्या दिसापास्नं पोर चिनी झाली. लाडाचं नाव व्हतं ते. आवडाबाई पन तीच हाक मारायची.

आवडाबाई धवलारीन. लगनात धवले गानारी, तिच्याबिगर हलद लागत न्हाय. पोर बाजूला बसून गायची, नि गाता गाता तिचा गला आत्येच्या वर गेला. मग भागोजीची होरी वादलात बुडाली, तो गेला. आत्येचे गुडघे धरले, तशी लगनाची सुपारी चिनीला येऊ लागली. हलदीत ती सोताचं पन जोडायची:

एक आय दर्यापार, एक आय बंदरी,
मदी मी होरी गो, कंच्या किनाऱ्याला लागू?

बाया डोले पुसायच्या. "चिने, तू आमचीच गो."

बासष्टला चीनशी लढाई लागली. थंडीत एक जीप पाड्यात आली. साध्या कापडातली दोन मानसं उतरली. "इथं चिनी कोन ऱ्हाते?"

आवडाबाईला वाटलं, मोठ्या घरची सुपारी आली. तिनं हौसेनं हाक मारली, "चिने, भायेर ये गो, तुला न्यायला आल्यात."

चिनी केसांत अबोली खोवून आली.

"बाप कुठं हाय?"

"दर्यात."

"आय कुठली?"

चिनी खोटं बोलली न्हाय. तिला घेऊन जीप गेली तरी आवडाबाई पानाचं तबक धरून उभीच.

लांब राजस्थानात सरकारनं चिनी रगताची मानसं धरून ठेवलेली, तितंच तारंच्या कुंपनात ठेवली तिला. आवडाबाई भेटंल त्याला सांगायची, "ती आमची हाय. मी नुसती हाक मारली."

पासष्टला सोडली. सुकून बोंबील झालेली. आवडाबाईनं जवल घेतली नि त्या दिसापास्नं तिला खऱ्या नावानं, केसर म्हनू लागली. केसर वलून बगायचीच न्हाय. त्या नावाची तिला सवयच नव्हती.

शिमगा सरला नि रेवसचा कोंडाजी आला. भाच्याच्या लगनाची सुपारी, पानावर ठेवलेली, खरीच. दारातून इचारलंन, "चिनी हाय का घरात?"

चुलीपाशी केसरनं मान वर केली. परत आल्यापास्नं पयल्यांदा ती गालात हसली. उठून केस बांदू लागली.

आवडाबाई दारात आडवी झाली. "न्हाय. इथं कोन चिनी न्हाय. कदी नव्हती."

कोंडाजी सुपारी घेऊन माघारी गेला. आवडाबाईनं कडी लावून मागं बगितलं. केसरचे हात केसांतच ऱ्हायलेले.

"आत्ये," ती बोलली, "मंग मी कोन गो?"

त्या पावसाल्यात ती तापानं गेली. तोंडात पानी सोडताना आवडाबाईनं कानाशी दोनी नावं घेतली. पयलं लाडाचं.