‘ब्रेझन’चं कार्ड आणि नेनेबाई

आदरणीय नेनेबाई वयाची पंचाहत्तर वर्षं पूर्ण करत आहेत, आणि या गौरवग्रंथात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कुणीतरी लिहावं म्हणून मंडळींनी मला पकडलं. स्वतःची स्तुती वाचायची बाईंना सवय नाही. त्यांनी माझी पानं न वाचता उलटली तरी मला वाईट वाटणार नाही.

बाईंची नि माझी पहिली भेट बुधवार पेठेत झाली. खाली वायरी आणि स्पीकर विकणारी दुकानं, वर दोन खोल्यांत इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं कार्यालय. बाई तिथल्या मुख्य संपादक. मी वाशीमहून नुकताच आलेला. माझा अर्ज वाचून त्या म्हणाल्या, "इंग्रजी उत्तम येतं असं लिहिलंय तुम्ही. मराठीचं काय?" मराठीबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं. "बरं, शिकाल," म्हणाल्या आणि सहा महिन्यांच्या बोलीवर मला ठेवून घेतलं.

कार्यालयाची एक शिस्त होती. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. त्यावर अर्थ आणि शब्दाचं मूळ लिहायचं. मोठा संदर्भकोश स्वतः उघडून बघितला असेल तरच खाली उजव्या कोपऱ्यात ‘पाहिले’ लिहून सही करायची. साध्या ‘टेबल’साठीसुद्धा बाई खुर्चीतून उठून कोश उघडत. मला तेव्हा ती नसती उठाठेव वाटायची.

पाचव्या महिन्यात माझ्या वाट्याला ‘ब्रेझन’ हे विशेषण आलं. अर्थ निर्लज्ज, एवढं ठाऊक होतं. मूळ ठाऊक नव्हतं. ‘ब्रेझियर’ म्हणजे शेगडी, तेव्हा त्याचा संबंध शेगडीशी असणार, असं मी बसल्या जागी ठरवलं. निखारा, मग ताप, मग तापट, मग बेमुर्वत, अशी साखळी जोडली आणि दिलं ठोकून ‘पाहिले’. कोश चार पावलांवर होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बोलावलं. "गावंडे, हे पाहिलंत?"

"हो, बाई."

त्यांनी कोश माझ्यापुढे सरकवला. "मग आणखी एकदा पाहा. मोठ्यानं वाचा."

वाचू लागलो. मूळ अर्थ पितळेचा. त्यावरून पितळेसारखा कठीण. त्यावरून पितळी तोंडाचा, म्हणजे ज्याच्या चेहऱ्यावर शरमेचा रंग चढतच नाही असा. पुढे वाचवेना. नोकरी गेल्यात जमा होती, आणि वडिलांना फोनवर काय सांगायचं ते सुचत नव्हतं. शरमेनं कान भाजत होते.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कान लाल झालेत तुमचे. म्हणजे हा शब्द तुम्हाला लागू नाही. बसा. अशी आणखी किती कार्डं आहेत?"

"अकरा," मी खरं ते सांगितलं.

"चहा मागवते. अकराही पाहू."

पाहिली. बाई शेजारी बसून होत्या. पुढे त्यांनी मला कायम केलं आणि या प्रकाराबद्दल कुणाकडे अवाक्षर काढलं नाही. माझ्या तोंडून मात्र हे आज पहिल्यांदा बाहेर पडतंय.

नाही म्हणायला, एकदा बाईंनी त्याचा उपयोग केला. वारज्यात खोली बघत होतो. घरमालकांना पुण्यातल्या कुणाची तरी खात्री हवी होती. बाईंनी त्यांना फोनवर सांगितलं, "निर्धास्त द्या. यांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात." त्या खोलीत मी नऊ वर्षं राहिलो. लग्नही त्याच पत्त्यावर असताना झालं.

आता कोशाचं काम माझ्याकडे आहे. नवी मुलं मोबाइलवर पाहतात, मी त्यांना उठून कोश उघडायला लावतो. ती मनात काय म्हणत असतील ते मला नेमकं ठाऊक आहे. बाई दर गुरुवारी येतात, भिंग घेऊन कार्डं तपासतात आणि विचारतात, "पाहिलंत, की पाहिल्यासारखं केलंत?"

बाई, वर लिहिलेलं सगळं मी पाहिलेलं आहे. खाली तशी सही करतो. आपण ठणठणीत राहून शंभरी गाठावी, हे एक वाक्य तेवढं वेगळ्या कार्डावर लिहून ठेवलंय. त्याचा उजवा कोपरा कोरा आहे. न पाहता सही करायची नाही, ही शिस्त आपलीच. तेव्हा थांबावं लागेल.