किल्ली देऊन ठेवलेली कमान

१७ जानेवारी १८९८ रोजी दुपारी लवूशेट पेडणेकरांच्या हातावर सात रुपये चार आणे पडले. ठाकूरद्वारच्या नाक्यावर एका कापडवाल्याच्या ओट्याच्या कडेला कपाटाएवढी जागा भाड्याने घेऊन ते घड्याळं दुरुस्त करत. एवढी रक्कम एका कामाची म्हणून त्यांना वर्षा-दीड वर्षात मिळाली नव्हती. काम मात्र घड्याळाचं नव्हतं. गिरगावात फोटोचा स्टुडिओ चालवणाऱ्या कमलाकांतराव धैर्यवानांच्या कॅमेऱ्याचं होतं.

त्या कॅमेऱ्याच्या भिंगापुढे एक लाकडी चौकट बसवलेली होती आणि तिच्यात काळ्या कापडाचा पडदा गुंडाळलेला असे. किल्ली दिली की आतली कमान, म्हणजे पोलादी पट्टीची स्प्रिंग, ताणली जाई. रबरी गोळा दाबला की पडदा डोळ्याचं पातं लवतं तसा सटकन सरके आणि धावता घोडासुद्धा काचेवर जागच्या जागी उभा राही. मुंबईच्या दमट हवेत हे यंत्र सारखं बिघडे. विलायतेला पाठवावं तर चार महिने जात. म्हणून कमलाकांतरावांनी ते एकदा सहज लवूशेटांना दाखवलं, आणि तेव्हापासून ते त्यांच्याकडेच येऊ लागलं.

लवूशेटांची पन्नाशी उलटून गेली होती. डोळ्याला भिंग लावून तास-दोन तास बसलं की उजव्या डोळ्यातून पाणी गळे आणि मानेची शीर धरे. स्वस्त घड्याळांचा सुकाळ झाल्यापासून लोक जुनी घड्याळं दुरुस्त करण्याऐवजी नवीच घेत. त्यात दुसऱ्या वर्षीही प्लेग परतला होता. निम्मं गिरगाव गावाकडे किंवा माहीमपलीकडच्या झोपड्यांत जाऊन राहिलं होतं, आणि उरलेल्यांना घड्याळ बंद पडलं तरी त्याचं काही वाटत नसे. त्यांची बायको अंबिकाबाई म्हणत, “अहो, ती जागा सोडा आता. घड्याळं मिळतात बाजारात, डोळे काय दुसरे मिळतात?” जागा सोडून करायचं काय, हे लवूशेटांना ठाऊक नव्हतं.

कमलाकांतरावांनी त्या दिवशी पैसे देताना एक गोष्ट सांगितली होती. माझगावच्या गोदीत एका बोटकंपनीची नवी बोट पाण्यात उतरायची होती. ती उतरतानाचा फोटो त्यांनी काढायचा होता. तो साधला तर कंपनीच्या सगळ्या बोटींचं काम त्यांच्याकडे येणार होतं. मग आणखी दोन कॅमेरे घ्यायचे, आणि तिन्हींची देखभाल लवूशेटांनी करायची. महिना बारा रुपये बांधलेले. दर शनिवारी स्टुडिओत यायचं, साफसूफ करायची, तेलाचा थेंब द्यायचा आणि जायचं.

बारा रुपये बांधलेले म्हणजे ओट्यावरची जागा सोडता येणार होती. लवूशेटांनी घरी ही गोष्ट अशा आवाजात सांगितली की जणू दुसऱ्याच कोणाची आहे. अंबिकाबाईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी कापडवाल्याच्या बायकोला चैत्रापासून जागा रिकामी होईल असं सांगून टाकलं.

बोट आठवड्याभरात उतरायची होती. पण गोदीतले मजूर प्लेगाच्या भीतीने कोकणात निघून गेले. तारीख एकदा पुढे गेली, मग पुन्हा गेली. अखेर मार्चच्या पहिल्या आठवड्यात, भरतीची वेळ साधून बोट उतरली.

तिसऱ्या दिवशी कमलाकांतराव ओट्यापाशी आले. ते कधी स्वतः येत नसत, निरोप पाठवत. त्यांनी काखेतल्या कागदातून एक फोटो काढून लवूशेटांपुढे धरला.

“लवूशेट, यात बोट कुठे दिसते का बघा. मला तर सापडली नाही.”

लवूशेटांनी फोटो उजेडाकडे फिरवला. काठावर उभे असलेले साहेबलोक, त्यांच्या मडमा, नारळ घेऊन उभा असलेला एक कोळी, सगळे नाकाडोळ्यांनिशी स्पष्ट होते. त्यांच्या मधोमध, जिथे बोट असायला हवी होती तिथे, धुराचा लोट असावा तसा एक करडा पट्टा होता. पडदा सटकन सरकला नव्हता. रेंगाळत गेला होता.

कमलाकांतरावांनी बरोबर आणलेलं यंत्र त्यांनी मागून घेतलं, चौकट उघडली आणि कमान बाहेर काढली. पाहिल्याबरोबर त्यांच्या लक्षात आलं. कमान ताणून ताणून ढिली पडली होती. तिच्यात जीव उरला नव्हता.

“मधे कोणी उघडलं होतं?”

“कोणी नाही. तुम्ही दिलंत तसं पेटीत ठेवलं. स्टुडिओत बसलेल्या माणसांचे फोटो मी झाकण काढून, मनात आकडे मोजून काढतो. तिथे हे लागत नाही.”

“आणि किल्ली?”

“ती तुम्हीच देऊन ठेवली होती. म्हटलं, लवूशेटांनी मुद्दाम देऊन ठेवलीय, आपण कशाला हात लावा.”

लवूशेटांनी ढिली कमान ओट्यावर ठेवली. ज्या काकांकडे ते हे काम शिकले, त्यांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती. दुरुस्त केलेलं घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात पूर्ण किल्ली देऊन, चालतं ठेवायचं. बंद घड्याळ हातात देणं अशुभ, आणि आपल्या कामाचीही नालस्ती. तीस वर्षं त्यांनी ही रीत मोडली नव्हती. कॅमेऱ्याचं यंत्रही ते तसंच देत आले होते. आजवर ते दोन दिवसांत वापरात जाई, म्हणून काही बिघडलं नव्हतं. या खेपेला ताणलेली कमान सहा-सात आठवडे तशीच पडून राहिली.

“राव, मी ती मुद्दाम दिली नव्हती,” ते म्हणाले. “आमच्यात रीत आहे. बंद घड्याळ देत नाहीत.”

“हे घड्याळ आहे होय?”

“नाही.”

कमलाकांतराव रागावले असते तर लवूशेटांना बरं वाटलं असतं. पण तेही थकलेले दिसत होते. घरात प्लेगाची लस टोचून घेतलेली माणसं तापाने निजली होती, आणि स्टुडिओवर कर्ज होतं. ते एवढंच म्हणाले, की बोट पुढच्या सोमवारी चाचणीसाठी खाडीत फिरणार आहे, कंपनीने तेव्हा एक फोटो काढू द्यायचं कबूल केलं आहे, निम्म्या पैशांत.

तेवढ्यात नवी कमान विलायतेहून येणं शक्य नव्हतं. लवूशेटांनी भुलेश्वरच्या एका बोहऱ्याकडून मोडका फ्रेंच टाइमपीस उचलला. त्याची कमान काढली, कडेने कानशीने घासून अरुंद केली, टोक दिव्यावर तापवून मऊ केलं आणि वळवलं. पहिलं टोक तुटलं. दुसरं बसलं. डोळ्यातलं पाणी पुसायला मधे मधे हात थांबवावा लागे, आणि हात थांबला की पुन्हा जागा शोधावी लागे.

रविवारी कमलाकांतराव यंत्र न्यायला आले. लवूशेटांनी पाच-सहा वेळा पडदा सोडून दाखवला. मग कमानीचा ताण पूर्ण उतरवला आणि यंत्र तसंच, निपचित, त्यांच्या हाती दिलं. देताना त्यांचा हात सवयीने किल्लीकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला.

“फोटोच्या आधी किल्ली द्या. फोटो झाला की उतरवा. दर वेळी.”

“आधी सांगितलं असतंत तर,” कमलाकांतराव म्हणाले, आणि वाक्य पुरं न करता निघाले.

सोमवारचा फोटो चांगला आला. बोटीच्या नाकापुढचं फेसाळ पाणीसुद्धा उभं राहिलं होतं. कंपनीने तो घेतला, पैसे दिले, आणि बाकीच्या बोटींचं काम फोर्टातल्या एका मोठ्या फोटोच्या दुकानाला दिलं. कमलाकांतरावांनी आणखी कॅमेरे घेतले नाहीत. जुना मात्र बिघडला की लवूशेटांकडेच येत राहिला, आणि ते तो कमान उतरवूनच परत देत. बारा रुपयांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

अंबिकाबाईंनी कापडवाल्याच्या बायकोकडे जाऊन जागा राहू द्या म्हणून सांगितलं. तिने दोन आणे भाडं वाढवून मागितलं. लवूशेटांनी ते कबूल केलं, ओट्यावर बसले आणि भिंग डाव्या डोळ्याला लावायची सवय करू लागले.

टाइमपीसचे तीन रुपये ठरले होते. त्यातला सव्वा रुपया बोहऱ्याला द्यायचा राहिला होता. वर्षअखेरीस तो तसाच बाकी होता.