अकरा बंद पाकिटं

गुन्सानच्या बंदरामागे ह्योजूची लाँड्री आहे. तिथे इस्त्रीला उभी असते ती तिची धाकटी बहीण, ह्योसुन. हात असा बसलेला की कॉलर बघून लोक सांगतात, ही ह्योसुनची. पण बाईचं खरं काम इस्त्रीचं नव्हतंच. वीस वर्षं ती एक भाषा म्हातारी करत होती.

कॉलेजात तिला आणि बोमजिनला एकच खूळ होतं. दोघांनी एक जमात कल्पिली आणि तिची भाषा बनवली. शेवटच्या वर्षी ठरलं: नदीला पूर आला, जमात फुटली. पूर्वतीर ह्योसुनचा, पश्चिमतीर बोमजिनचा. एक वर्ष म्हणजे तिथली पन्नास वर्षं. वीस वर्षांत एका आईच्या दोन लेकी-भाषा हजार वर्षांनी दुरावतील, मग बघायचं, बहीण बहिणीला ओळखते का. तोवर भेट नाही, फोन नाही. दर वर्षअखेरीस नदीत पडलेल्या बकरीची तीच गोष्ट त्या वर्षीच्या भाषेत लिहायची, पाकीट चिकटवून धाडायचं. मागाहून कुणी लबाडी करू नये म्हणून पोस्टाचा शिक्का पुरावा. उघडायचं वीस वर्षं भरल्यावरच्या वसंतात, ठरल्या दिवशी, जोन्जूला, सोयाबीनच्या मोडांच्या सुपाच्या दुकानात.

तिचा जीव होता हो त्याच्यावर! पण बोलली नाही. वीस वर्षांनी बोलू म्हणाली. आता अशा बाईला काय म्हणावं?

दिवसभर इस्त्री, संध्याकाळी शब्दांची कार्डं. उच्चार बदलायचा एकदा नियम केला की तो सगळ्या शब्दांना लागू, लाडक्यालाही सूट नाही. शेवटचे स्वर गळाले तेव्हा 'आई'साठीचा तिचा आवडता शब्द नुसता उसासा होऊन राहिला. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. 'पैलतीर' आधी 'लांब' झालं, मग 'परके', मग शिवी.

बोमजिनची पाकिटं बिस्किटांच्या डब्यात साठत गेली. ह्योजू चिडवायची, "किमचीसुद्धा इतकी मुरवत नाहीत गं! एक फोड ना. कोण बघतंय?"

"नियम आहे, ताई."

"नियम म्हणे! स्थळं आली नि गेली, आणि ही बकरी राखत बसली."

अकरा पाकिटांनंतर येणं थांबलं. ह्योसुन मनातून पेटली. आळशी मेला, पहिल्यापासूनच अर्धवट! पण विचारायचं नाही, नियम होता. ती आपली पाठवत राहिली, एकही वर्ष चुकवलं नाही.

विसाव्या वर्षानंतरच्या वसंतात ती नवा कोट घालून, बिस्किटांचा डबा घेऊन जोन्जूला गेली. चांगला झाडायचा त्याला, आणि मग सांगून टाकायचं, असं बसमध्ये घोकत गेली. सूप निवून गेलं. शेवटी समोर एक बाई येऊन बसली. नाकडोळे थेट बोमजिनचे.

"पूर्वतीरवाल्या तुम्हीच ना? मी त्याची धाकटी बहीण." तिने पिशवीतून वीस पाकिटं काढून टेबलावर आपटली. नऊ बंद होती. अकरा फोडलेली, हाताळून मऊ झालेली. "दादाला जाऊन नऊ वर्षं झाली. यकृताचं दुखणं. हा दिवस आणि हे दुकान तेवढं सांगून गेला होता."

ह्योसुनने डब्यातलं त्याचं पहिलं पाकीट फोडलं. आत ना बकरी, ना पश्चिमतीर. साधं घरचं कोरियन:

'ह्योसुन, मी खेळ सोडला. तू हे फोडल्याशिवाय राहणार नाहीस, ठाऊक आहे मला. तोंडावर विचारायची हिंमत नव्हती: लग्न करशील माझ्याशी? करणार असशील तर पुढल्या वर्षी पाकीट धाडू नकोस, तूच ये. पाकीट आलं तर नकार समजेन.'

दुसरं फोडलं. 'पाकीट आलं. ठीक आहे. पुन्हा विचारतो.' तिसऱ्यातही तेच. पुढची तिने फोडलीच नाहीत.

"दर वर्षी तुमचं आलं की दिवसच्या दिवस घेऊन बसायचा," बहीण म्हणाली. "शेवटी शेवटी तर एक अक्षर लागायचं नाही त्याला. मला दाखवायचा, बघ गं, यात माझं नाव कुठे दिसतंय का? मी काय सांगणार? एवढं काय लिहीत होता हो तुम्ही?"

"बकरी नदीत पडली," ह्योसुन म्हणाली. "लोकांनी बाहेर काढली."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

बहिणीने पिशवी उचलली आणि निरोप न घेता निघून गेली. दुकानवालीने येऊन विचारलं, सूप गरम करून देऊ का. ह्योसुनने नको म्हणून मान हलवली आणि टेबलावरची पाकिटं शिक्क्यांच्या तारखांप्रमाणे लावायला घेतली.